कोण ओरडतं ते बघू

एकोणतीस वर्षं मी पाणीपुरवठा खात्यात आहे आणि तुंबलेली कुठलीही गोष्ट वाहती करू शकतो, हे तुम्हाला सुरुवातीलाच सांगून ठेवतो. नळ म्हणा, गटार म्हणा, साहेबांच्या टेबलावरची फाइल म्हणा! त्यामुळे आमच्या घरातला अकरा वर्षांचा कॉम्प्युटर तुंबला तेव्हा मी मुळीच घाबरलो नाही. उलट माझे हात शिवशिवायला लागले.

तुंबला म्हणजे किती? तर बटण दाबल्यापासून तो कामाला लागेपर्यंत एकोणीस मिनिटं! अंदाजाने नाही सांगत, मीटर तपासायच्या घड्याळावर मोजलीत. तेवढ्या वेळात माझी दाढी व्हायची, आंघोळ व्हायची आणि टॉवेल सापडत नाही म्हणून बायकोशी एक छोटं भांडणही व्हायचं. बाहेर येऊन बघावं तर पडद्यावर ते गोल चक्र आपलं फिरतंच आहे. पुढे एखादं अक्षर दाबलं की यंत्र आधी विचार करणार, मग मनाची तयारी करणार आणि मग ते अक्षर दोनदा उमटवणार.

इतकी वर्षं आम्ही हे चालवून घेतलं. पण आता गाठ माझ्या गुडघ्यांशी होती.

झालं असं, की आमच्या खात्यात नवा तक्रार कक्ष उघडणार होता. 'नळाला पाणी नाही', 'पाणी गढूळ येतं', 'पाणी रस्त्यावरच जास्त येतं' अशा तक्रारी यापुढे कॉम्प्युटरवर येणार आणि एक माणूस बसल्या जागेवरून त्या योग्य ठिकाणी धाडणार. बसल्या जागेवरून! त्या जागेसाठी खुर्ची आली होती ती मी स्वतः पाहून आलो होतो. चहूबाजूंनी फिरते, मागे रेलते, हात ठेवायला दोन्हीकडे दांड्या. एकोणतीस वर्षं मी छातीएवढ्या खड्ड्यांत उतरून व्हॉल्व्ह फिरवतोय. हल्ली खड्ड्यात उतरायला मला एक माणूस लागतो आणि बाहेर यायला तीन. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "आणखी दोन वर्षं उतरलात, तर नंतर जिनासुद्धा चढता येणार नाही." आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. ती खुर्ची मला जितकी हवी होती, तितकी दुसरी कुठलीच गोष्ट आयुष्यात हवीशी वाटली नव्हती.

मुलाखतीचं पत्र शुक्रवारी ईमेलवर आलं. पुढच्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, घरच्या कॉम्प्युटरवरूनच, चेहरा दिसेल अशी मुलाखत. लिंक अर्धा तास आधी ईमेलनेच येईल. 'उमेदवारास संगणक हाताळता येतो किंवा कसे, हेही पाहिले जाईल.'

"अहो, मुलीच्या फोनवरून द्या की मुलाखत," बायको म्हणाली.

"आणि उद्या साहेब म्हणाले, तक्रार कक्षाचा माणूस आणि याच्या घरचाच कॉम्प्युटर बंद?"

"मग दुरुस्तीवाल्याला बोलवा."

"तो म्हणणार नवा घ्या. तो गेल्या वर्षीही तेच म्हणाला."

"मग घ्या ना नवा!"

"अगं, पण आधी याच्या पोटात काय अडकलंय ते तरी बघू दे!"

खरं कारण हेच होतं. मला झाकण दिसलं की ते उघडून आत काय आहे ते बघावंसं वाटतं. लहानपणापासूनची खोड आहे. खात्यात तिची नोकरी झाली एवढंच.

"बघा," बायको म्हणाली. "पण स्क्रू उरले तर मला विचारू नका कुठले ते."

मी आठवड्याची रजा टाकली आणि शनिवारी सकाळी डब्याचं झाकण काढलं. आत धूळ अशी की अंगावर पांघरूण घेता आलं असतं! त्या धुळीत एक केसांची पिन, शर्टाचं निळं बटण आणि एक वाळलेला पतंग. बंद डब्यात पिन गेली कशी? मी दहा मिनिटं सगळ्या फटी तपासल्या, उत्तर मिळालं नाही. शेवटी बायकोचं केस वाळवायचं यंत्र थंड हवेवर लावलं आणि फुंकर मारली. धूळ निघाली, यात वादच नाही. ती समोरच्या खुर्चीवर घडी करून ठेवलेल्या धुतलेल्या चादरींवर जाऊन बसली, हे मला नंतर सांगण्यात आलं. बरंच सांगण्यात आलं.

पुन्हा बटण दाबलं, घड्याळ लावलं. सतरा मिनिटं! दोन मिनिटांची बचत. म्हणजे रोग वरवरचा नव्हता, आतल्या पाइपातच होता.

मग मुलीने मला एक यादी उघडून दाखवली. ही कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते, पण अशा गोष्टी तिला जन्मतःच येतात. "बाबा, बटण दाबलं की हे सगळे प्रोग्रॅम आपोआप सुरू होतात आणि मागे चालत राहतात. नको असतील ते बंद कर," म्हणाली आणि कॉलेजला निघून गेली.

मी मोजले. तेवीस! चार माणसांच्या घरात तेवीस जोडण्या! आणि नावं तरी काय? कुणी हेल्पर, कुणी मॉनिटर, कुणी अपडेटर, कुणी नुसतीच तीन अक्षरं आणि एक आकडा. कोण आहेत ही माणसं? कधी आली? कुणाच्या परवानगीने? माझी तर भूकच उडाली. जमिनीखाली कुणाची कुठे लाइन गेलीय हे शोधण्यात माझी उमर गेली आणि माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर तेवीस बेनामी लाइनी!

आता इथे आमच्या खात्याची एक पद्धत तुम्हाला सांगायला हवी. रस्त्यात जुना व्हॉल्व्ह सापडतो. नकाशात तो नसतो. असला तर भलत्याच ठिकाणी असतो. त्याचं पाणी कुणाला जातं, हे कसं कळणार? सोपं आहे. व्हॉल्व्ह बंद करायचा आणि कोण ओरडतं ते बघायचं! जो ओरडला त्याची लाइन. दिवसभरात कुणीच ओरडलं नाही तर लाइन बेवारस, कायमची बंद करून टाकायची. एकोणतीस वर्षांत नकाशाने मला शंभरदा फसवलंय, ओरडणाऱ्या माणसाने एकदाही नाही.

मी एक वही घेतली, एक ते तेवीस आकडे घातले आणि एक नंबर बंद केला. तासभर थांबलो. घर शांत. दोन नंबर बंद केला. शांत. दुपारी अडीच वाजता तीन नंबर बंद केला.

"मेला!" आतल्या खोलीतून आई ओरडली. "अरे, मेला तो!"

मी गुडघे विसरून धावलो. "कोण? कोण मेला?"

"तो इन्स्पेक्टर! आता नाव सांगणारच होता!"

"कसलं नाव?"

"खुन्याचं! 'खुनी दुसरा तिसरा कुणी नसून' एवढं बोलला आणि गप्पच झाला रे!"

आईला ब्याऐंशीव्या वर्षी बारीक अक्षर दिसत नाही. गेलं वर्षभर तिच्या खोलीतून दुपारी एका पुरुषाचा भारदस्त आवाज यायचा. सुट्टीच्या दिवशी मी तो ऐकला होता, पण रेडिओ असेल म्हणून सोडून दिलं होतं. तो आमचा कॉम्प्युटर होता! नातीने त्याला पुस्तकं वाचून दाखवायला शिकवलं होतं आणि एका तारेने त्याचा आवाज आजीच्या उशाशी नेला होता. आईने आतापर्यंत एकेचाळीस रहस्यकथा ऐकल्या होत्या.

"मला सांगायचं तरी!"

"तुला सांगितलं असतं तर तू तो उघडून बघितला असतास," आई म्हणाली. "चालू कर आधी!"

मी तीन नंबर चालू केला आणि वहीत लिहिलं, 'तीन: आई. ओरडली.' मग तिच्या पलंगाच्या काठावर बसून खुनी कोण ते मीही ऐकून घेतलं. माळी होता. मला मेहुण्याचा संशय होता.

आता मला चटकच लागली. प्रत्येक नंबरामागे कुणीतरी बसलं होतं आणि एका बोटाने त्याला बाहेर काढता येत होतं! पुढचे काही नंबर वाया गेले. मोडीत गेलेल्या कॅमेऱ्याची एक लाइन निघाली, प्रिंटरची शाई संपली असं सांगणाऱ्या तीन निघाल्या. त्यांच्यासाठी कुणी ओरडलं नाही. रविवारी सकाळी मी आठ नंबर बंद केला आणि साडेदहाला मुलगी ओरडली.

"बाबा! माझा वेल!"

खिडकीतल्या कुंडीत तिने घेवड्याचं बी लावलं होतं, ते मला ठाऊक होतं. कॉम्प्युटरवरचा छोटा कॅमेरा खिडकीकडे वळवलेला असतो, हेही मी पाहिलं होतं. पण तो कॅमेरा दर दहा मिनिटांनी त्या वेलाचा फोटो काढतो आणि ते सगळे जोडून तिला कॉलेजात दाखवायचेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"दोन तासांचे फोटो गेले! आता बघताना वेल मध्येच टुणकन उडी मारेल!"

"मारू दे की. तेवढाच त्यालाही विरंगुळा."

"बाबा!"

तिने मला आतापर्यंतचे फोटो भरभर फिरवून दाखवले. तो वेल चक्क हात लांब करून चाचपडत होता हो! इकडे दोरी नाही, तिकडे दोरी नाही, मग गोल फिरून पुन्हा शोध. मी सलग चार वेळा बघितलं. दोरी सापडते तिथे मी चारही वेळा टाळी वाजवली. आठ नंबर चालू झाला.

अकरा नंबराला मात्र ओरडणं झालं नाही. बायको शांतपणे माझ्यामागे येऊन उभी राहिली. आमच्याकडे हे ओरडण्यापेक्षा वाईट असतं.

"माझी उंटीण कुठंय?"

"काय?"

"तिची चाल यायची होती आज."

तुम्हाला सांगतो, लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. बायको ग्रंथालयात नोकरी करते, दुपारी घरी येते, संध्याकाळी माझ्याशी बोलते, म्हणजे मी बोलतो ती ऐकते. ही बाई गेले सात महिने बुद्धिबळ खेळत होती! दिवसाला एक चाल. समोरची बाई कुठल्या देशातली, काय वयाची, काही पत्ता नाही. तिने स्वतःचं नाव तिथे 'उंटीण' असं ठेवलंय.

"आणि तुझं नाव काय ठेवलंयस?"

"ते तुम्हाला कशाला हवं?"

"सांग ना!"

"नाही."

मी त्या दिवशी सतरा वेळा विचारलं. अजून कळलेलं नाही. बायको दोन प्यादी आणि एक हत्ती पुढे आहे एवढंच कळलं. चोवीस तासांत उत्तर दिलं नाही तर डाव हरल्यात जमा होतो, हेही कळलं. अकरा नंबर मी इतक्या घाईने चालू केला की बोट दुखावलं.

संध्याकाळपर्यंत मी सतरा नंबरापर्यंत पोचलो. कसलासा सिंक एजंट. नावावरून काही बोध होईना. बंद करताना हात क्षणभर अडखळला, पण खात्याची पद्धत म्हणजे पद्धत! केला बंद. मग प्रत्येकीकडे जाऊन विचारलं, "काही बंद पडल्यासारखं वाटतंय का?"

"नाही," आई म्हणाली. तिचा नवा इन्स्पेक्टर व्यवस्थित बोलत होता.

"नाही," मुलगी म्हणाली.

"अजून तरी नाही," बायको म्हणाली.

सोमवार दुपारपर्यंत वाट पाहिली. कुणी चकार शब्द काढला नाही. वहीत सतरासमोर मी ठळक अक्षरांत लिहिलं, 'बेवारस'. मला अशा लाइनी फार आवडतात. काही भानगड नाही, कुणाची समजूत काढणं नाही.

त्याच दुपारी वीस नंबर बंद केला आणि पाचच मिनिटांत जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका! गळ्यात टेप, हातात कात्री. त्यांच्यामागे एक जाडजूड गृहस्थ, अंगात अर्धवट कोट, एकाच बाहीचा, सगळीकडे टाचण्या.

"भाऊ, चिठ्ठी आली नाही!" शिंपीकाका म्हणाले.

"कसली चिठ्ठी?"

"मापाची! यांचे हात लहानमोठे आहेत. डावा किती नि उजवा किती, सगळं लिहून पाठवलंय मी."

"कुठे पाठवलंय?"

"तुमच्याकडेच!"

गृहस्थांनी दोन्ही हात पुढे करून दाखवले. खरंच लहानमोठे होते. मी जरा जवळ जाऊन बघितले.

मग उलगडा झाला. शिंपीकाका मापं फोनवर टिपतात. फोनवरून ती आमच्या प्रिंटरवर येतात. आमची आई ती चिठ्ठी चिमट्याला लावते आणि खिडकीतून दोरीने खाली सोडते. हे तीन वर्षं चाललंय! ती दोरी मी रोज पाहत होतो. कपडे वाळत घालायला असेल, पण मग उभी का टांगलीय, एवढाच प्रश्न मला अधूनमधून पडायचा. त्या बदल्यात शिंपीकाका घरातल्या सगळ्यांचे कपडे घट्ट-सैल करून देतात.

"सगळ्यांचे?" मी विचारलं.

"तुमच्याही पँटी दर वर्षी अर्धा इंच सोडतो भाऊ," शिंपीकाका म्हणाले. "वहिनी म्हणाल्या, त्यांना सांगू नका, वाईट वाटेल."

आणि मी आपला समजत होतो की माझं पोट तीन वर्षांत जराही वाढलेलं नाही! वीस नंबर चालू केला. चिठ्ठी निघाली, खाली गेली. कोटवाले गृहस्थ टाचण्या सांभाळत जिना उतरले.

आता हिशेब असा होता. तेवीसपैकी एकोणीस बंद, चार ओरडणाऱ्यांच्या लाइनी चालू. वेळ सात मिनिटांवर आला होता! पण सातही मला पुरेनात. म्हणून मग खात्यात उन्हाळ्यात करतो तेच केलं. पाणीकपात! मोठ्या कागदावर वेळापत्रक लिहून फ्रिजवर चिकटवलं. शिंपीकाका दहा ते बारा. आई दोन ते चार. वेलाचा फोटो तासाला एक. उंटीण संध्याकाळी सहानंतर. खाली टीप, 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

"आणि इन्स्पेक्टर चारला पाच मिनिटं कमी असताना खुन्यापाशी आला तर?" आईने विचारलं.

"तर दुसऱ्या दिवशी."

"माझं वय काय, तू बोलतोस काय!"

पण माझ्या मुलाखतीसाठी म्हणून सगळ्यांनी ऐकून घेतलं. आईने माझ्या गुडघ्यावरून हात फिरवला आणि गप्प बसली. मला मनातून खूप बरं वाटलं, आणि जरा लाजही वाटली.

बुधवारी दुरुस्तीवाल्याकडून मेमरीची एक नवी पट्टी आणली. "खटकन आवाज येईपर्यंत दाबा," तो म्हणाला. मी दाबली. खटकन आवाज आला, तो माझ्या गुडघ्याचा होता. दुसऱ्यांदा पट्टीचा आला. गुरुवारी सकाळी बटण दाबलं, घड्याळ लावलं आणि मी घड्याळाकडे बघेपर्यंत पडदा उजळलेला! चाळीस सेकंद! एकोणीस मिनिटांवरून चाळीस सेकंद! मी घरातल्या सगळ्यांना बोलावून ते पाच वेळा बंद-चालू करून दाखवलं. तिसऱ्या वेळेनंतर फक्त आई उरली होती, आणि तिला पडद्यावरचं काही दिसत नव्हतं.

या सगळ्या दिवसांत मी रोज सकाळी ईमेलची पत्रपेटी उघडून मुलाखतीचं पत्र एकदा वाचून घ्यायचो. सगळ्यांत वर तेच पत्र. नवं काही नाही, म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे. शिवाय पूर्वी कोपऱ्यात दिवसभर ते टिंग टिंग वाजायचं, तेही थांबलं होतं. दाब सुरळीत झाला की लाइनीचा आवाज जातो, हे आम्हा पाइपवाल्यांना काय सांगायला हवं?

शुक्रवार उजाडला. मी दहालाच कोट घालून बसलो. शिंपीकाकांनी तो खास सैल केला होता. त्यांची सकाळची पाळी मी माफी मागून रद्द केली होती. आईचा इन्स्पेक्टर गप्प होता. कॅमेरा वेलावरून माझ्यावर वळवला होता. घरात टाचणी पडली तरी ऐकू यावी इतकी शांतता.

साडेदहा वाजले. लिंक आली नाही.

पावणेअकरा. नाही.

"येईल," मी म्हणालो. "आपलं खातं आहे, वेळेवर थोडंच काही होणार?"

अकरा वाजून गेले. पडदा लखलखीत, यंत्र तय्यार, मी तय्यार, आणि समोर काहीच नाही. अकरा वाजून सात मिनिटांनी मी साहेबांना फोन लावला.

"साहेब, मी तयार आहे. लिंक आली नाही."

"कसली लिंक?"

"तक्रार कक्षाच्या मुलाखतीची."

साहेब म्हणाले, "अहो, पण तुमचं नाव तर यादीत नाही."

"नाही कसं? पत्र आहे माझ्याकडे!"

"ते मागचं. त्यानंतर सोमवारी पाठवलेलं मिळालं नाही का? अहो, एका खुर्चीसाठी छप्पन्न अर्ज आले. खरोखर कुणाला हवीय आणि कुणी उगाच टाकलाय, कळेना. मग आम्ही आपली नेहमीची पद्धत वापरली."

"कुठली पद्धत, साहेब?"

"तुम्हाला काय सांगायचं? सगळ्या छप्पन्न जणांची नावं वगळली, तसं ईमेलने कळवलं आणि कोण ओरडतं ते बघितलं! बुधवारपर्यंत मुदत दिली होती."

"मग?"

"पंचावन्न जण ओरडले."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही ओरडला नाहीत, तेव्हा मला आश्चर्य वाटलं, खोटं नाही सांगत," साहेब म्हणाले. "मी म्हटलंसुद्धा, ही पद्धत ज्याने आपल्या सगळ्यांना शिकवली तो माणूस गप्प बसलाय, म्हणजे विचार करूनच बसला असणार. त्यांना खड्ड्यातच बरं वाटत असेल. आत्ता इथे मुलाखती चालू आहेत हो, ठेवू का?"

फोन ठेवला गेला. आणि मग मी ओरडलो. काय ओरडलो ते नक्की आठवत नाही, शब्द नव्हतेच बहुतेक. पण आतल्या खोलीतून आई भिंत धरत आली, स्वयंपाकघरातून बायको आली, मुलगी ओले केस घेऊन आली आणि जिन्यावरून शिंपीकाका टेपसकट आले. चौघं दारात उभी राहून माझ्याकडे बघायला लागली.

"आता कुणाचं बंद झालं?" आईने विचारलं.

"माझं," मी म्हणालो.

मुलगी टेबलाशी आली. तिने यादी उघडली, सतरा नंबरावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, हा तर पत्रं आणणारा आहे."

"पण मी रोज पेटी उघडून बघत होतो!"

"पेटी उघडली तरी पत्रं हाच आणून टाकतो ना त्यात."

मी ओरडणार तरी कसा होतो? माझं काही यायचं बंद झालंय, हे मला सांगणारं पत्रही त्याच लाइनीतून यायचं होतं. बायकोने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ती काही बोलली नाही. उंटिणीशी खेळून तिला सवय झाली असावी, समोरचा हरला की काही बोलायचं नसतं.

मुलीने सतरा नंबर चालू केला. खात्याची तीन पत्रं एकदम समोर आली. सोमवारचं, 'आपले नाव वगळण्यात आले आहे, हरकत असल्यास कळवावे.' मंगळवारचं, 'हरकत कळवण्यास एक दिवस शिल्लक.' आणि गुरुवारचं, 'कोणतीही तक्रार न केल्याबद्दल तक्रार कक्ष आपला आभारी आहे.'

तिन्ही पत्रं उघडायला मिळून दोन सेकंदही लागले नाहीत. मी मोजले.